शंभराचा गड आणि पाचशेची वरात

वच्छे, इकडे ये. अशी जवळ बस. पाय पसरलेस तरी चालेल, गुडघा वाकत नाही ते मला नवं नाही. आणि आधी माझे दोन शब्द ऐकून घे, मग तुझं सुरू कर.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. याचा अर्थ काय समजायचा मी? रामकुंडावर पिंड ठेवून तुझा विलास नीट उभासुद्धा राहिला नव्हता, तोवर आला, चोच मारली, उडाला. गुरुजी म्हणाले, आत्मा तृप्त आहे. सगळ्यांनी हुश्श केलं आणि चपला शोधायला लागले. मी मात्र तिथंच उभी. माझा जीव जळला गं. तीस वर्षं माझ्या शेजारी बसलीस, इतकी भांडणं अर्धी टाकून गेलीस, आणि मागं काहीच राहिलं नाही होय तुझं? लोकांना दुपारपर्यंत ताटकळावं लागतं. घरचे हात जोडून एकेक कबूल करतात, नातीचं लग्न थाटात करू, घराला रंग देऊ, तेव्हा कुठं कावळा खाली उतरतो. मीही घरून ठरवून आले होते काय कबूल करायचं ते. ओठावर आलं होतं. तू बोलूच दिलं नाहीस. जन्मभर हेच केलंस.

असू दे. आता तुझ्या जागेचं ऐक. ते तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

आपल्या नाशकात गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात तुझी जागा माझ्या डाव्या हाताला, गोणपाटाएवढी. त्यावर नागली, उडीद, वरई, खुरासणी, सगळा पेठकडचा माल, आणि मधोमध तुझं पितळी मापटं. इकडे माझा लसूण, आलं, मिरची. या जागेचा कुठं कागद नाही, कुणाच्या नावावर नाही. बाजाराचा एकच कायदा, तो तुलाही पाठ होता. जागेवर सलग तीन बुधवार माणूस दिसला नाही, की ती जागा बेवारस. मग माणूस आजारी असो, बाळंतीण असो, नाही तर देवाघरी गेलेला असो.

तू गेलीस गुरुवारी सकाळी. म्हणजे आदल्या दिवशीचा बाजार पुरा करून. तेवढी शिस्त मात्र पाळलीस.

पहिल्या बुधवारी समोरचा प्लॅस्टिकचे टप विकणारा कचरूभाऊ माझ्याकडे चहा घेऊन आला. पंधरा वर्षांत त्यानं मला चहा पाजला नव्हता. काहीतरी काम आहे हे मी ओळखलं.

"इंदूताई, लय वाईट झालं."

"हं."

"बाई म्हणजे सोनं होती. मापात कधी कसर नाय केली. शीग लावून द्यायची."

"चहा गार होतोय कचरूभाऊ. काय ते बोला."

"नाय, म्हणजे जागेचं. माझे टप उन्हानं वाकडे होत्यात. इकडं भिंतीची सावली हाय. मी काय आजच मागत नाय. कायद्यानं बघू. तीन बुधवार."

"बघू," म्हटलं, आणि त्याच्यासमोर तुझं गोणपाट पसरलं. बाजार उठला की दोन्ही गोणपाटं एकात एक गुंडाळून मीच घरी न्यायची, म्हणून ते माझ्याकडेच होतं. त्यावर माझा निम्मा लसूण ओतला. कचरूभाऊ हसला. म्हणाला, "लसूण ठेवून जागा राहत नाय, इंदूताई. माणूस लागतो." मी त्याचा चहा पिऊन टाकला. चहाशी माझं वैर नव्हतं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं पावशेर लसणाला पाचशेची नोट काढली. मी सवयीनं डावीकडे मान वळवली आणि ओरडले, "वच्छे, वरात फोड गं."

लसूण काय उत्तर देणार? गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. शहाणी बाई होती, सुटे शोधून दिले आणि गेली. मी तशीच मान वळवून बसले. तेव्हा मला कळलं की माझं काय गेलं. जागा अजून गेली नव्हती. बोलणं गेलं होतं. आपली बोली बोलणाऱ्या आपण दोघीच. एक गेली की उरलेलीला लोक वेडी म्हणणार.

आठवतं का, ती बोली कशी सुरू झाली? मी ओरडले होते, "वच्छे, पाचशेचे सुटे आहेत का?" आणि तू तिथूनच ओरडलीस, "आहेत की, हिरव्या पिशवीत." अख्ख्या बाजाराला पत्ता दिलास. संध्याकाळी हिरवी पिशवी खालून ब्लेडनं कापलेली. दोघी घाटाच्या पायरीवर बसून आधी रडलो, मग एकमेकींना शिव्या दिल्या, मग तू म्हणालीस, "आजपासून रुपया हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

समोरून बघावं तर सगळ्या नोटा सारख्या. सगळ्यांवर बापू, तेच हसू. म्हणून आपण नोटांना पाठीवरून नावं ठेवली. दहाच्या पाठीवर वाघ, गेंडा आणि हत्ती, तर दहा म्हणजे हत्ती. पन्नासवर ती दिल्लीची गोल इमारत, म्हणून पन्नास म्हणजे घर. शंभरावर डोंगर. कुठल्या बर्फाचा होता कोण जाणे, तू म्हणालीस हा वणीचा गड, आपल्या आईचा. झाला गड. आणि पाचशेवर बापू काठी घेऊन पुढे, मागे माणसांची रांग, ती वरात. "गड फोड, दोन घरं दे." "वरात आलीय, सांभाळ." आजूबाजूच्यांना वाटायचं, या बायकांना लग्न आणि देवदर्शन सोडून विषय नाही. चहाच्या टपरीवर ते प्लॉटवाले एजंट जोरजोरात बोलायचे, चार पेट्या दे, एक खोका होईल. तू मला कोपर मारून म्हणायचीस, "आपल्या नाशकात पेटी द्राक्षाची आणि खोकं चपलेचं. हे कुठले आले?" माझी सासू चवली-पावली म्हणत गेली. हे पेटी-खोके म्हणत जातील. आपण हत्ती-गड म्हणत राहू, असं तू म्हणायचीस. राहू, असं म्हणाली होतीस. लक्षात आहे ना?

आणि नोटेचा मला आणखी एक उपकार फेडायचाय. तुझी शाळा चौथीपर्यंत, माझी तीही नाही. एकदा बाजार थंड होता, गंगेला पूर होता, दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं होतं म्हणून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. तू एक गड माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "पाठीवर बघ. डाव्या हाताला पंधरा ओळी आहेत. सात वर, सात खाली, मधली आपली." मी बोटानं मोजत आले. आठवी ओळ. शंभर रुपये. ते मी लसणाच्या सालीवर काडीनं गिरवत बसले. पुढं दहा शिकले, पन्नास शिकले. पण नोटांच्या अक्षरांत माझं नाव काही बसेना. शेवटी टिंब घेतलं शंभराच्या नोटेवरून, दू घेतला दूध बाजाराच्या पाटीवरून, आणि इ कुठंच सापडेना, ती मिळाली इगतपुरीच्या एसटीवर. तीन ठिकाणांहून गोळा करून आणलेलं नाव आहे माझं. हे जे आज लिहितेय, त्यात चुका असतील. हसू नकोस. हात धरून गिरवायला तूच शिकवलंस, बाकीचं माझं मी केलंय.

आता भांडणाचं. टाळू नकोस, बस.

बापूंबद्दल आपली तक्रार नव्हतीच. तू म्हणायचीस, "म्हातारा गुणी आहे. अंगावर एक पंचा, आणि राहतो सगळ्यांच्या तिजोरीत. तरी माजला नाही." तक्रार होती पाठीवरची. पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी. तू ती नोट हातात घेऊन विचारलं होतंस, "आणि निंदायला कोण गेलं होतं? ती कुठाय?" हत्तीला जागा आहे, गेंड्याला आहे, बाईला नाही. हजारावर म्हणे एक बाई होती, पण ती आपल्या हातात येईपर्यंत नोटच बाद झाली. पाचाची नोट खाली ठेवून तू वरात उन्हात धरलीस, डोळे बारीक केलेस आणि म्हणालीस, "सापडली. ही बघ, रांगेत. पदर आहे."

"तो पदर नाही, उपरणं आहे," मी म्हटलं. "बाप्या आहे तो."

"पदर खांद्यावरून आलाय, आंधळे."

"उपरणंही खांद्यावरूनच येतं."

"चालणं बघ तिचं. डोक्यावर पाटी घेऊन चालणारीचं चालणं आहे."

"कुठाय पाटी?"

"उतरवून ठेवली असेल. मोर्चाला कोणी पाटी घेऊन जातं का?"

 यावरही मी बोललेच. एवढीशी ती आकृती, तांदळाच्या कणीएवढी, आणि आपण त्यावरून वर्षानुवर्षं भांडलो. मग नोटा बाद झाल्या. सगळा गाव बँकेपुढं रांगेत. तूही उभी राहिलीस, होत्या तेवढ्या वराती दिल्यास, आणि एक ठेवून घेतलीस. विलास घरभर ओरडत होता, आई, पाचशे रुपये वाया घालवतेस. तू म्हणालीस, "बाईला तिथं सोडून मी घरी येणार नाही." मीही त्याचीच री ओढली. तुला खुळी म्हटलं. आणि वर म्हटलं, ज्याच्यासाठी पाचशे बुडवतेस तो बाप्या आहे. दोन बुधवार तू माझ्याशी बोलली नाहीस. सुटे द्यायचीस, पण माझ्या पुढ्यात टाकायचीस, हातात नाही. ते मला फार लागलं होतं, वच्छे. मी तुला कधी सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. तिसऱ्या बुधवारी तूच भाकरीवर मिरचीचा ठेचा घालून पुढं केलास आणि म्हणालीस, "खा, बाप्याची वकील." तेवढ्यावर मिटवलंस. मिटवायचं काम नेहमी तुझंच होतं.

नव्या नोटा आल्या तेव्हा मी नवी नावं काढली. जांभळ्या शंभरावर विहीर आहे, पायऱ्यांची, म्हणून बारव. दोनशे म्हणजे पालथी कढई. पाचशे म्हणजे किल्ला. तू ऐकलंस का एक तरी? "डोंगर पुसला म्हणून गड हलतो का," म्हणे. शंभर म्हणजे गडच, पाचशे म्हणजे वरातच. मी बारव म्हणायची, तू गड म्हणायचीस, आणि सुटे बरोबर मिळायचे.

मग तुझ्या सुनेनं, मनीषानं, ती बोलणारी डबी आणून दिली. फोनवरून पैसे आले की डबी आरोळी ठोकणार, इतके इतके रुपये मिळाले. जे आपण इतकी वर्षं झाकलं, ते ही बया चव्हाट्यावर सांगणार. पहिल्याच दिवशी तू तिला उडदाच्या पोत्यात पुरलंस. पोत्यातून आवाज यायचा. गिऱ्हाइकं दचकायची.

हसलीस ना? बरं. पुढचं ऐक.

दुसऱ्या बुधवारी कचरूभाऊनं दोन टप तुझ्या कडेला सरकवले. म्हणाला, नुसते टेकवलेत. मी उचलून परत त्याच्याकडे टेकवले. पुन्हा सरकवले, पुन्हा टेकवले. दिवसभर हाच धंदा. आदल्या दिवशी तेराव्याला तुझ्या घरी गेले होते तेव्हा विलासला म्हटलं होतं, आईची जागा राखायची असेल तर कोणीतरी येऊन बसा. तो म्हणाला, "आता कशाला मावशी? आई होती तोवर ठीक होतं." मनीषा ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून भांडी लावत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मला तिचा राग आला. 'आई, बस झालं गंगेवर बसणं,' हे तिचंच पालुपद ना? कंपनीत जाणारी, युनिफॉर्मवाली, तिला कशाला हवं गोणपाट. मनात म्हटलं, हिला जागा गेलेलीच हवी आहे. हे सगळं मी तिच्याबद्दल मनात बोलले. लिहून ठेवते, म्हणजे लपवलं असं नको.

काल तिसरा बुधवार. मी उजाडताच गेले. दोन्ही गोणपाटं पसरली आणि मधोमध बसले, इकडे एक मांडी, तिकडे एक मांडी. कचरूभाऊ म्हणाला, "इंदूताई, दोन जागांवर एक माणूस, हे बाजारात चालत नाय." खरंच चालत नाही. मी म्हटलं, "माझं निम्मं अंग तिचंच आहे." तो म्हणाला, "बारापर्यंत थांबतो. वच्छलाबाईच्या मानासाठी." माणूस वाईट नाही गं. त्याचे टप खरंच वाकतात.

साडेअकराला रिक्षा थांबली. मनीषा उतरली. खांद्यावर नागलीची पिशवी, काखेत उडदाची, हातात तुझं मापटं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. आली, मला म्हणाली, "सरका मावशी." मी सरकले. तिनं मांडी घातली, पिशव्यांची तोंडं दुमडली, मापटं मध्ये ठेवलं. बाजूला ती डबी.

कचरूभाऊ आलाच. "वहिनी, आज बसाल. पुढल्या बुधवारी कंपनी हाय ना?"

"सुट्टीचा वार बदलून घेतला, कचरूभाऊ. आता माझा रविवार बुधवारी." आणि वर म्हणाली, "तुमचे टप दुपारनंतर आमच्या मागं ठेवत जा. भिंतीला सावली दोघांना पुरते."

 त्यानं गुपचूप दोन टप आणून मागं ठेवले. पंधरा वर्षांत तुला-मला हे सुचलं नाही.

मग गिऱ्हाईक आलं. तिनं नागली मापली, शीग लावली, बोटानं सपाट केली नाही. हातात जांभळी नोट आली. आणि तिनं उजवीकडे माझ्याकडे मान वळवली, अगदी सहज, जशी तू वळवायचीस, आणि म्हणाली,

"मावशी, गड फोडून द्या. दोन घरं चालतील."

 बारव नाही म्हणाली. गड म्हणाली. माझा शब्द नाही, तुझा.

"तुला कसं ठाऊक गं?"

"अठरा वर्षं तुमचे फोन ऐकतेय मावशी. आई ओट्याशी उभ्या राहून बोलायच्या, मी पोळ्या लाटायचे. आज तीन गड झाले, एक वरात आली. तुम्ही पलीकडून एवढ्या मोठ्यानं विचारायच्या की मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या."

"म्हणजे ती घरी पैसे दडवायची तो डबाही ठाऊक होता?"

"खुरासणीचा. कपाटामागच्या उतरंडीत वरून दुसरा. मीच पुसायचे तो. कुठं ठेवला होता तिथंच ठेवायचे."

"आणि कधी बोलली नाहीस?"

ती मापटं पुसत म्हणाली, "बोलले असते तर आईंनी शब्द बदलले असते. मला परत पहिल्यापासून शिकावं लागलं असतं."

वच्छे, आपण कोणापासून लपवत होतो? आपल्याला वाटायचं, सगळ्या जगाला फसवलं. तिनं सगळं ऐकलं, सगळं कळलं, आणि तू असेपर्यंत कधी डब्याचं झाकण उघडलं नाही. 'बस झालं' म्हणायची ते तुझ्या गुडघ्यासाठी, जागेसाठी नाही. तेराव्याला पाठ करून उभी होती ती डोळे दिसू नयेत म्हणून. डबीचं विचारलं तर म्हणाली, "मुकी केलीय. आईंना आवडत नव्हती." मला तिच्यासमोर रडू आलं आणि मी खोकल्याचं निमित्त केलं. तिनं पाणी दिलं. खोकला तिनं खरा मानला नाही, एवढं मला कळतं.

बाजार उठताना तिनं खुरासणीच्या डब्यातून आणलेली, कागदात घडी करून ठेवलेली तुझी वरात माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडे राहू द्या. आईंची आणि तुमची." मग फोन काढला. म्हणाली, "फोटो काढून मोठा करून बघू का? बाई आहे का बाप्या, आत्ता कळेल."

मी नोट मुठीत धरली. नाही म्हटलं. हे भांडण त्या फोनच्या बापाचं नाही.

आता तुला सांगते कावळ्याचं. तो जरा वेळ झाडावर बसला असता, तर मी सगळ्यांसमोर हात जोडून म्हणणार होते, वच्छे, ती बाई आहे. डोक्यावरची पाटी उतरवून आलेली बाई आहे, आणि मी इतकी वर्षं नुसतं तुला बोलतं ठेवायला बाप्या म्हणत होते. एवढं कबूल करणार होते. तू थांबली नाहीस. पाठ फिरवून निघून जाणारीला मी काही कबूल करत नाही. तोवर तो बाप्या आहे, उपरणं घेतलेला, मिशीवाला. ऐकून घ्यायचं असेल तर समोर ये.

येत्या बुधवारी ये. मनीषा थोडी सरकेल, मीही सरकेन, सावली पुरते. ठेचा मी आणते, नोट बटव्यात आहे, ऊन चांगलं पडतं अकराला. लवकर ये.